होंडा एस२०००: ९००० आरपीएमचं इंजिन ठणठणीत कसं ठेवायचं

होंडाची जुनी स्पोर्ट्स कार एस२००० दारात आली की बहुतेक जण पहिले काही महिने सहा हजाराच्या वर काटा नेतच नाहीत. इंजिनाला जपतोय, अशी त्यांची समजूत असते. खरं तर हे इंजिन ९००० आरपीएमसाठीच (मिनिटाला ९००० फेऱ्यांसाठी) घडवलेलं आहे आणि नुसत्या आरपीएमने ते मरत नाही. ते मरतं तीन कारणांनी: चुकीच्या गिअरमुळे, कमी ऑइलमुळे आणि आवळलेल्या टॅपेटमुळे (म्हणजे वाल्वच्या डोक्यावरची ठराविक फट बुजल्यामुळे). पुढची सगळी माहिती या तिघांना दूर कसं ठेवायचं याचीच आहे.

ही गाडी होंडाने भारतात अधिकृतपणे विकली नाही. त्यामुळे हे मुख्यतः अमेरिका, जपान, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि तिथे जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींच्या कामाचं. टॅपेट, ऑइल आणि गिअरच्या भागातली कारणमीमांसा मात्र वर फिरणाऱ्या कुठल्याही इंजिनाला लागू पडते.

आधी थोडं इंजिनाविषयी

एफ२०सी हे १९९७ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. बोअर (सिलिंडरची रुंदी) ८७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ८४ मिमी. गाडी १९९९ मध्ये आली. अमेरिकी गाडीत कॉम्प्रेशन ११ ला १ आणि ताकद ८३०० आरपीएमला २४० अश्वशक्ती. जपानी गाडीत कॉम्प्रेशन ११.७ आणि ताकद २५० पीएस. अमेरिकी गाडीचा टॉर्क जेमतेम २०८ न्यूटन-मीटर, तोही ७५०० आरपीएमला. म्हणजे ताकद येते ती फिरण्यातून. टर्बो नाही, मोठी क्षमता नाही, म्हणून मिनिटाला स्फोट वाढवायचे, एवढाच हिशेब.

अमेरिकेत २००४ पासून स्ट्रोक ९०.७ मिमी करून २१५७ सीसीचं एफ२२सी१ इंजिन बसवलं आणि रेडलाइन, म्हणजे आरपीएमची वरची मर्यादा, ८००० वर आणली. युरोपात मात्र शेवटपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, दोन लिटरचंच इंजिन होतं. तेव्हा सुटे भाग मागवताना 'एपी१', 'एपी२' या मॉडेलच्या सांकेतिक नावांवर विसंबू नका. इंजिनावर कोरलेला क्रमांक बघा.

रेडलाइन कमी का करावी लागली, ते पिस्टनच्या वेगात दिसतं. ८४ मिमी स्ट्रोकचा पिस्टन ९००० आरपीएमला सरासरी सेकंदाला २५.२ मीटर धावतो. ९०.७ मिमीच्या इंजिनाने ८००० लाच २४.२ मीटर गाठले. एफ२०सीमध्ये पिस्टन वरच्या टोकाला पोचून परत फिरतो तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४८०० पट त्वरण असतं. फोर्ज केलेले पिस्टन त्यासाठीच आहेत.

वाल्वची गोष्ट वेगळी. कॅम (वाल्व उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, तेव्हा ९००० आरपीएमला प्रत्येक वाल्व सेकंदाला ७५ वेळा उघडतो आणि मिटतो. उघडतो कॅम, पण मिटवते स्प्रिंग. स्प्रिंगला वाल्व, रिटेनर (स्प्रिंगवरची बशी) आणि रॉकर (कॅम आणि वाल्वमधली पट्टी) यांचं वजन वेळेत मागे खेचायचं असतं आणि हा भार आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२,४०० आरपीएमला तो ९००० च्या जवळजवळ १.९ पट होतो. तिथे स्प्रिंग हरते, रॉकर कॅमचा पाठलाग सोडतो आणि वाल्व उघडा असतानाच पिस्टन वर येतो.

चुकीचा गिअर

ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ९००० च्या जरा वर पेट्रोल तोडतो. पाय दाबून ठेवलात तरी इंजिन त्यापुढे जात नाही, आणि अधूनमधून लिमिटरला टेकल्याने काही बिघडत नाही. पण चाकांकडून इंजिन फिरवलं गेलं तर पेट्रोल तोडून काय उपयोग? चौथा टाकायचा तिथे दुसरा पडला की गाडीचा सगळा वेग क्लचमधून थेट क्रँकवर येतो. कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स ते थांबवू शकत नाही.

गिअरचे आकडे समोर ठेवले की धोका नेमका कळतो. पहिला ३.१३३, दुसरा २.०४५, तिसरा १.४८१, चौथा १.१६१, पाचवा ०.९७०, सहावा ०.८१०. तिसऱ्यात ९००० ला असताना चौथ्याऐवजी दुसरा पडला तर ९००० गुणिले २.०४५ भागिले १.४८१, म्हणजे सुमारे १२,४००. चौथ्यात ५१०० च्या वर असताना दुसरा पडला तरी रेडलाइन ओलांडली. पाचव्यात तर ४२७० लाच. म्हणजे हायवेवर निवांत चालवतानाही ही चूक महागात पडू शकते. लक्षात ठेवायला सोपे आकडे असे: ताशी ७० किलोमीटरच्या वर पहिला नाही, १०५ च्या वर दुसरा नाही, १४५ च्या वर तिसरा नाही. टायरच्या मापाने दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतील.

चूक होते ती हाताच्या सवयीने. दांडा सोडला की स्प्रिंग त्याला मधल्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणते. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या अमेरिकी गाडीत दांडा तुमच्या उजवीकडे असतो. तिसऱ्यातून चौथ्यात खेचताना हात स्वतःकडे वळला की दांडा डाव्या रेषेत सरकतो आणि दुसरा पडतो. जपानी किंवा ब्रिटिश गाडीत दांडा डावीकडे असतो, त्यामुळे तीच ओढ सहाव्याकडे जाते. इंजिन फक्त मरगळतं. तिथे धोका आहे तो हात स्वतःपासून दूर लोटण्यात. अमेरिकी गाडी चालवणाऱ्याने ही सवय मुद्दाम मोडावी: दांड्याची मूठ गच्च धरू नका, उघड्या तळव्याने सरळ मागे ढकला, रेषा स्प्रिंगला शोधू द्या. वर चढताना घाई चालते, खाली येताना नाही. खाली येताना क्लच हळूच सोडायला सुरुवात करा. काटा अपेक्षेपेक्षा झपाट्याने वर चढू लागला तर लगेच परत दाबा. गिअरबॉक्समध्ये ऑइल सुमारे दीड लिटरच लागतं. गाडी घेतल्यावर ते बदलून टाका. दुसरा गिअर थंडीत अडखळत असेल तर बऱ्याचदा तेवढ्यानेच फरक पडतो.

वर चढताना हेच आकडे कामाला येतात. ९००० ला बदललं तर पहिल्यातून दुसऱ्यात ५८७५ वर उतरता, दुसऱ्यातून तिसऱ्यात ६५१८ वर, तिसऱ्यातून चौथ्यात ७०५५ वर. व्हीटेकचा (वर फिरताना वाल्व जास्त उघडणाऱ्या होंडाच्या यंत्रणेचा) मोठा कॅम ६००० च्या आसपास लागतो. आठ हजाराला बदललं तर दुसऱ्यातून तिसऱ्यात तुम्ही ५८०० ला येता, म्हणजे बरोबर व्हीटेकच्या खाली, आणि गाडी क्षणभर झोपते. 'वर काही दम नाही' अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण लवकर गिअर बदलत असतात.

ऑइल

फिल्टरसह ४.८ लिटर, फिल्टर न बदलता ४.५ लिटर. अमेरिकी मॅन्युअल १०डब्ल्यू-३० सांगतं. रस्त्यावरच्या गाडीला ते पुरेसं आहे. ट्रॅकवर उन्हाळ्यात जाणार असाल तर ४० ग्रेडचं सिंथेटिक घाला. ड्रेन बोल्ट ३९ न्यूटन-मीटरने आवळा आणि वॉशर दरवेळी नवा लावा. जुना वॉशर लावून गळती थांबवायला बोल्ट जास्त आवळतात आणि अॅल्युमिनियमच्या पॅनचे आटे जातात. वॉशरची किंमत चहाच्या कपाएवढी, पॅनची मात्र नव्हे. मॅन्युअलमध्ये मुदत जास्त असली तरी या इंजिनाला ८००० किलोमीटरच्या पुढे नेऊ नये, आणि ट्रॅकच्या दिवसानंतर तर बदलावंच.

डिपस्टिक दर वेळी पेट्रोल भरताना बघा. हे इंजिन थोडं ऑइल पितं, वर फिरवलं तर जास्त. गाडी सपाट जागी, इंजिन गरम, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबलेलं. वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटर असतं. पातळी नेहमी वरच्या निम्म्यात ठेवा. खालच्या खुणेला आलेली गाडी शांतपणे ऑफिसला जाईल, पण ८००० ला लांब वळण घेताना बरंच ऑइल हेडमध्ये अडकलेलं असतं आणि उरलेलं पॅनच्या एका कडेला गेलेलं असतं. पंपाच्या नळीने हवा ओढली की बेअरिंगवरचा थर तुटतो. ऑइलचा दिवा लागेपर्यंत नुकसान झालेलं असतं.

२००० आणि २००१ च्या गाड्यांचं एक खास दुखणं आहे. पिस्टनच्या खालून ऑइलचा फवारा मारणाऱ्या जेटच्या बोल्टला तेव्हा दोनच छिद्रं होती. होंडाने नंतर चार छिद्रांचा बोल्ट आणला. कमी फवाऱ्याने चौथ्या सिलिंडरचा पिस्टन जास्त तापतो, मग ऑइल प्यायला लागतो. या वर्षांची गाडी घेत असाल तर बोल्ट बदलल्याची पावती मागा. नसेल तर पॅन उतरवून चारही बदलून घ्या. पॅन उतरलेलाच आहे तर पंपाची जाळीही धुऊन घ्या.

गरम करण्याविषयी. पाण्याचा काटा काही मिनिटांत जागेवर येतो, ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. सुरू करून अर्ध्या मिनिटात निघा, उभ्या गाडीत गरम करत बसू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं ४००० च्या आत ठेवा. मग खुशाल वर न्या. व्हीटेकच्या, रॉकर एकमेकांना जोडणाऱ्या पिना ऑइलच्या दाबावर सरकतात. थंड, जाड ऑइलवर त्यांच्याकडून नेमक्या हालचालीची अपेक्षा करू नये.

टॅपेट सेटिंग

हा या मार्गदर्शनाचा गाभा. रॉकरचा स्क्रू आणि वाल्वची दांडी यांच्यातल्या फटीची मापं अशी: इनटेक ०.२१ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.२५ ते ०.२९ मिमी. मधला आकडा धरा, म्हणजे इनटेक ०.२३ आणि एक्झॉस्ट ०.२७. इंजिन ३८ अंश सेल्सियसच्या खाली हवं, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी. 'हाताला गार लागतंय' हे माप नव्हे. कोमट हेडवर बसवलेली फट गार झाल्यावर वेगळीच निघते.

हे काम ५० हजार किलोमीटरला करावं, ट्रॅकवर जाणारी गाडी असेल तर त्याआधी. अनेक जण आवाज येईपर्यंत थांबतात आणि इथेच फसतात. टॅपेट टिकटिकतंय म्हणजे फट वाढली आहे. त्याने ताकद जरा घटेल, पण जीव जाणार नाही. एक्झॉस्ट वाल्व मात्र वापराने आपल्या सीटमध्ये आणखी रुतत जातो, दांडी वर येते आणि फट कमी होते. तसं इंजिन गप्प होत जातं. फट शून्याला आली की वाल्व पूर्ण मिटत नाही, उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि कड जळते. या इंजिनात टिकटिक करणारा टॅपेट बरा, मुका झालेला वाईट.

साहित्य: वाकवलेल्या टोकाच्या फिलर गेजचा (फट मोजायच्या पातळ पात्यांचा) संच, १० मिमीचा रिंग पाना, चपटा स्क्रू ड्रायव्हर, छोटा टॉर्क रेंच, क्रँक पुलीच्या बोल्टसाठी लांब दांड्याचा सॉकेट, हेड कव्हरचं नवं गॅस्केट, प्लगच्या विहिरींचे चार सील आणि थोडा लिक्विड गॅस्केट.

मधलं प्लास्टिक कव्हर काढा, चारही कॉइल काढा, नंतर चारही प्लग. प्लग काढले की क्रँक एका हाताने फिरतो आणि नेमका थांबवता येतो. विहिरींवर कापड टाका. आत पडलेला वॉशर शोधण्यात सबंध दिवस जाईल. वायरिंग आणि ब्रीदरच्या नळ्या सोडवून हेड कव्हर उचला. चिकटलं असेल तर कडेला रबरी हातोडीने ठोका, पेचकस घुसवून उचकू नका. पृष्ठभागावर ओरखडा पडला की गळती पाठ सोडत नाही.

आता पहिला सिलिंडर वरच्या टोकाला आणा. क्रँक समोरून बघता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवा. जुन्या होंडा चालवलेल्यांची इथे गफलत होते, कारण त्यांची अनेक इंजिनं उलटी फिरायची. पुलीवरची पांढरी खूण जुळली तरी तेवढ्यावर थांबू नका, कारण ती दर फेऱ्यात जुळते आणि त्यातला एकच फेरा कामाचा. पहिल्या सिलिंडरच्या इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही कॅमची नाकं रॉकरपासून दूर वळलेली हवीत आणि दोन्हीकडचे रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. नाक रॉकरवर दाबलेलं असताना कोणी फट मोजली तर ती शून्य मिळते, तो घाबरून स्क्रू सैल करतो आणि इंजिन सुरू केल्यावर शिवणयंत्रासारखा खडखडाट होतो.

फिलर गेज जाते स्क्रूचं टोक आणि वाल्वची दांडी यांच्यामध्ये. ०.२७ ची पाती एक्झॉस्टला घाला. कागदी पुस्तकातून पातळ पट्टी ओढताना वाटतो तसा किंचित अडथळा वाटला पाहिजे. खात्री करायची तर ०.२५ ची सहज गेली पाहिजे आणि ०.३० ची अडली पाहिजे. इनटेकला तसंच ०.२० आणि ०.२५ ने तपासा: पहिली जाते, दुसरी जेमतेम किंवा जात नाही. स्क्रू सरकवायचा तर लॉक नट अर्धा फेरा सैल करा, पेचकसाने स्क्रू फिरवा, पाती आतच ठेवून नट आवळा. नट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर थोडा वळतो आणि फट घटते. म्हणून नट २० न्यूटन-मीटरने आवळल्यावर पुन्हा मोजणं हा कामाचाच भाग आहे. जास्त ताकद लावली तर स्क्रूचे बारीक आटे जातात आणि मग रॉकर बदलावा लागतो.

प्रत्येक सिलिंडरला चार वाल्व, असे एकूण सोळा स्क्रू. पहिला झाला की क्रँक अर्धा फेरा पुढे, मग तिसरा. आणखी अर्धा, चौथा. आणखी अर्धा, दुसरा. फायरिंगचा क्रम १-३-४-२. प्रत्येक वेळी नाकं कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा. मोजलेलं प्रत्येक माप, बदलण्याआधीचं सुद्धा, कागदावर लिहा. पुढच्या वेळी एखाद्याच एक्झॉस्टची फट भराभर कमी होतेय असं त्या कागदावरूनच कळेल. तो वाल्व रुततोय आणि हेडचं काम जवळ आलंय.

प्रत्येक सिलिंडर वर असताना मधला रॉकरही बोटाने दाबून बघा. दोन्ही बाजूंच्या रॉकरना न हलवता तो एकटा हलला पाहिजे. न हलला तर व्हीटेकची पिन अडकली आहे.

सोळाही झाले की क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून पहिला सिलिंडर पुन्हा मोजा. मग कडा कोरड्या पुसा, कव्हर जिथे कॅमच्या अर्धगोलाकार कोपऱ्यांवर बसतं तिथे लिक्विड गॅस्केटचा छोटा थेंब, आणि नट मधून बाहेर अशा क्रमाने दोन-तीन टप्प्यांत सुमारे १० न्यूटन-मीटरने. पहिलंच काम असेल तर अख्खा दिवस धरा.

कव्हर उघडंच आहे तर: रिटेनर

स्प्रिंगच्या डोक्यावरची बशी म्हणजे रिटेनर, आणि वाल्वच्या दांडीला तिला अडकवून ठेवणारे दोन अर्धगोल तुकडे म्हणजे कीपर. २००४ पूर्वीचे रिटेनर एका चुकीच्या गिअरनेही तडकू शकतात. तडकलेला रिटेनर कीपरवरून वर सरकत जातो, पण लगेच सुटत नाही. गाडी आठवडेच्या आठवडे ठीक चालते आणि एक दिवस वाल्व सिलिंडरमध्ये पडतो. मग पिस्टन, हेड, कधी ब्लॉकसुद्धा.

टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. सोळाही ठिकाणी कीपरची कड रिटेनरच्या वर किती डोकावते ते बघा. सगळ्या सारख्या हव्यात. एखादा कीपर शेजाऱ्यापेक्षा खाली बुडालेला दिसला तर तिथला रिटेनर वर सरकलाय. बारीक चीर दिसत नाही, उंचीतला फरक दिसतो. असा एक जरी आढळला तर इंजिन सुरू करू नका आणि सगळे सोळा बदला.

बदलायला हेड उतरवावं लागत नाही. २००४ नंतरच्या रचनेचे रिटेनर आणि कीपर जोडीनेच घ्या. सिलिंडर नेमका वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब द्या म्हणजे वाल्व वर राहतो. पिस्टन जरा जरी टोकाच्या अलीकडे-पलीकडे असेल तर हवा क्रँक झटक्यात फिरवते. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुलीवरचा पाना आधी काढून घ्या. ऑइल परत जाण्याची भोकं चिंध्यांनी बुजवा. निसटलेला कीपर तिथेच जातो.

चेन, प्लग आणि व्हीटेकचा दिवा

इंजिन गरम झाल्यावर पुढच्या अंगातून सायकलच्या आऱ्यांना पत्ता लावल्यासारखी फरफर येत असेल तर तो बहुधा टायमिंग चेनचा टेन्शनर. हे या इंजिनाचं नेहमीचं दुखणं आहे आणि दुरुस्ती म्हणजे नवा टेन्शनर. नवा बसवण्याआधी त्याचा दांडा आत गुंडाळून अडकवून ठेवा, आणि जुना बाहेर असताना क्रँक अजिबात फिरवू नका. ताण नसलेली चेन एक दात सरकली तरी वाल्वची वेळ चुकते.

प्लग मूळचे एनजीकेचे पीएफआर७जी-११एस, फट १.० ते १.१ मिमी. सुरुवातीच्या गाड्यांत ते आपोआप सैल होतात. कॉइल उचलून विहिरीत काळपट डाग दिसला, किंवा वेग घेताना चिक-चिक आवाज आला तर वायू तिथून निसटतोय. दुर्लक्ष केलं तर प्लग आट्यांसकट उडतो. मॅन्युअलमधले १८ न्यूटन-मीटर कमी पडतात. जाणकार २५ च्या आसपास, कोरड्या आट्यांवर आवळतात. वर्षातून एकदा नुसता टॉर्क तपासून घ्या.

पेट्रोल प्रीमियमच. अमेरिकेत पंपावरचं ९१ ऑक्टेन, जे इतर देशांच्या आरओएन मोजमापात साधारण ९५-९६ भरतं. त्याखाली गेलात तर नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो आणि ताकद घटते.

इंजिनाचा दिवा लागला, पी१२५९ (व्हीटेकच्या बिघाडाचा) कोड आला आणि सहा हजाराच्या वर गाडी चढेना, तर लगेच सेन्सर मागवू नका. आधी डिपस्टिक बघा; अर्ध्या वेळा ऑइलच कमी असतं. पातळी ठीक असेल तर व्हीटेक सोलेनॉइडच्या गॅस्केटमधली बारीक जाळी काढून धुवा. त्यानंतर प्रेशर स्विच आणि त्याची वायर.

घेताना काय तपासायचं

पोर्शेच्या अलीकडच्या ९११ मध्ये ईसीयू किती वेळा इंजिन मर्यादेबाहेर फिरलं याची नोंद ठेवतो आणि विकत घेणारा ती वाचू शकतो. एस२००० मध्ये तशी सोय नाही. त्यामुळे पुरावा इंजिनातूनच काढावा लागतो.

इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि कॉइल बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली: अशी कॉम्प्रेशन चाचणी घ्या. होंडाची किमान मर्यादा ९३० किलोपास्कल आहे, पण धडधाकट एफ२०सी दीड हजाराच्या वर सहज जातं. मर्यादेत बसतंय म्हणून खूश होऊ नका; चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. २०० किलोपास्कलपेक्षा जास्त फरक असेल तर लीक-डाउन चाचणी घेऊन हवा कुठून जाते ते ऐका. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वाल्व, इनटेकमधून आली तर इनटेक वाल्व वाकलेला, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. विक्रेता कव्हर उघडू देत असेल तर रिटेनर बघून घ्या. उघडू देत नसेल तर भाव पाडायला ते कारण पुरेसं आहे.

रिंगा गेल्या असतील तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. या ब्लॉकच्या सिलिंडरला लोखंडी स्लीव्ह नाही. अॅल्युमिनियममध्ये कार्बन आणि अॅल्युमिनाचे तंतू मिसळलेली भिंत आहे आणि मूळ पिस्टन-रिंगा तिच्यासाठीच केलेल्या आहेत. नेहमीच्या गॅरेजमध्ये नेऊन साध्या दगडाने होनिंग केलं आणि बाजारातले पिस्टन टाकले तर काही महिन्यांत ऑइल पुन्हा जळायला लागतं. असं इंजिन पदरी पडलं तर लोखंडी स्लीव्ह बसवून देणारं मशीन शॉप शोधा, किंवा कॉम्प्रेशनचे आकडे लेखी देणाऱ्याकडून दुसरं अख्खं इंजिन घ्या. ते बसवण्याआधी, स्टँडवर असतानाच, त्याचं टॅपेट सेटिंग आणि रिटेनर उरकून घ्या. बॉनेटखाली वाकून करण्यापेक्षा तिथे निम्म्या वेळात होतं.